शिळं पेट्रोल

नातेपुते मागं पडलं, माळशिरसच्या अलीकडच्या वीटभट्ट्यांचा धूर दिसायला लागला आणि गाडीच्या पोटात काहीतरी घरघरलं. महेश्वरीला आधी वाटलं, चाकाखाली काही आलं. मग वाटलं, मागून ट्रॅक्टर येतोय आणि वाट मागतोय. तिनं आरशात पाहिलं. रस्ता रिकामा होता, उन्हानं पांढरा पडला होता. घरघर थांबेना. चपलेच्या तळातून बारीक थरथर वर चढली, पोटरीत आली, गुडघ्यात येऊन बसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की इंजिन सुरू झालंय. गाडी घरी येऊन वर्ष होत आलं, दसरा, दिवाळी, संक्रांत सगळं तिच्यासंगं झालं, पण हा आवाज तिनं आजवर एकदाच ऐकला होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. आता ते गाडी कडेला घेतील, कपाळाला आठ्या घालतील, पडद्यावर बोटं मारून बघतील, असं तिला वाटलं. गुरुलिंगप्पांनी यातलं काही केलं नाही. सुपारीचं खांड या गालातून त्या गालात घेतलं आणि समोर बघत राहिले.

"इंजिन लागलं," ती म्हणाली.

"लागू दे की. चार्ज संपला."

"नाही, म्हटलं, पेट्रोल जळायलंय."

"मग काय ढकलत न्यायची का?" ते हसले. "आज पाण्याचा दिवस हाय. आज चुकलं तर परत चार-पाच दिवस नळाचं तोंड बघायचं नाही. वरची टाकी ठणठणीत कोरडी पडलीय. नळ यायच्या आत पोचलेलं बरं." आणि त्यांनी पाय आणखी थोडा दाबला.

गाडी पुढं झेपावली. किती सहज झेपावली. जड अंगाचा माणूस एकदम उठून चालायला लागावा आणि त्याला काही दुखणंच नव्हतं हे बघणाऱ्याला कळावं, तशी. बाभळी, उसाच्या पट्ट्या, पांढऱ्या दुधाच्या टाक्यांची गाडी, सगळं भराभर मागं जायला लागलं. महेश्वरीनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. पिशवीत अक्कासाठी आणलेली नवी चादर होती, घडी न मोडलेली, आणि डब्यात चार शेंगापोळ्या होत्या. अक्काला वाटेत भूक लागली तर म्हणून केलेल्या. मागची सीट मोकळी होती. त्या सीटवर सकाळीच तिनं एक उशी ठेवली होती, अक्काच्या कमरेला लागेल म्हणून, आणि गाडी वळली की ती उशी इकडून तिकडं घसरत होती.

गाडी घ्यायची ठरली ती अडत बंद केल्यावर. मार्केट यार्डातला गाळा दिला, हातात वेळ आला, आणि पुण्याहून विरेशनं टुमणं लावलं, अप्पा, आता विजेवरची घ्या. पोराला नाही म्हणायचं नव्हतं, आणि विजेवर भरवसाही नव्हता. मधेच बंद पडली तर रानात कुठं उभं राहायचं, हा त्यांचा प्रश्न. मग शोरूमवाल्यानं ही दाखवली. आकारानं बेताची, पण पाच माणसं ऐसपैस बसतील अशी. घरच्या प्लगला लावायची, साठ-पासष्ट किलोमीटर विजेवर जाते. त्याच्या पुढं टाकीतलं पेट्रोल, पाहिजे तेवढं. दोन्ही हाय की, मग भ्यायचं कशाला, असं गुरुलिंगप्पा घरी येऊन म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नातल्या मुलासारखा झाला होता. पूजेच्या दिवशी त्यांनी बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि मग थोडा विचार करून चार्जिंगच्या तोंडावरच्या झाकणावरही ओढली. तिथंच खरं पोट हाय, म्हणाले. रोज संध्याकाळी ते केबल बाहेर काढायचे, नॅपकिननं पुसायचे, नातीच्या खोलीच्या खिडकीतून आत घेऊन प्लगला लावायचे, आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला की क्षणभर तसेच उभे राहायचे. महेश्वरी स्वयंपाकघरातून बघायची. बाळंतपणात ती सोळा दिवस दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस दाराशी असा उभा राहिला होता का, हे तिला आठवायला बघूनही आठवायचं नाही.

हळूहळू पेट्रोल न जाळणं हेच गाडीचं काम झालं. सिद्धेश्वर तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत ते रोज सांगायचे, पूजेच्या दिवशी भरलेली टाकी अजून तशीच हाय. कुणी म्हणायचं, मग टाकी घेतली कशाला आडते, नुसती बॅटरी घ्यायची. त्यावर ते गूढ हसायचे. घर ते मठ, मठ ते बाजार, हिच्या गुडघ्याचा डॉक्टर, अक्कलकोटला गेलं तर तिथं पाहुण्यांच्या घरी प्लगला लावून जेवण, झोप, मग परत. हायवेवर मोठे चार्जर उभे राहिलेत, पण त्यांचं तोंड या गाडीला बसत नाही. हिला आपला घरातला साधा प्लग आणि भरपूर वेळ लागतो. वेळ तर होताच. मग एकदा सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना तिच्या पोटातून ही घरघर आली. गुरुलिंगप्पा चरकले. चार्ज तर अर्ध्याच्या वर होता. सर्व्हिस सेंटरच्या बाई म्हणाल्या, काका, तुम्ही पेट्रोल वापरतच नाही, ते टाकीत शिळं होतं, गाडीला कळतं ते, मग ती आपणच थोडं जाळून टाकते. ते घरी आले ते तोंड पाडून. त्या रात्री नीट जेवलेही नाहीत. मला न विचारता, असं दोन-तीनदा म्हणाले. महेश्वरीला तेव्हा हसू आलं होतं, आणि तिनं ते पदराआड केलं होतं.

अक्काचा फोन मागच्या आठवड्यात आला. अक्का म्हणजे शिवलीला, तिची थोरली बहीण. दुधनीच्या घरात आई गेली तेव्हा अक्का चौथीत होती आणि महेश्वरीला नीट चालताही येत नव्हतं. अक्काची पाटी दुसऱ्या दिवसापासून फडताळावर गेली ती पुन्हा खाली आली नाही. भाकरी थापताना अक्का तिला पाठीशी बांधून घ्यायची; महेश्वरीला आठवतं ते हेच, गालाला लागलेली अक्काची घामेजलेली पाठ आणि भाकरीच्या थपथपीबरोबर आपलं अंग हलणं. रडायला लागली की अक्का कडेवर घेऊन स्टेशनाकडं जायची आणि मालगाडीचे डबे मोजून दाखवायची, तिला येत होते तेवढेच, मग पुन्हा एकपासून. नावानं तिनं कधी हाक मारली नाही. तंगी म्हणायची. धाकटी. अक्काचं लग्न नातेपुत्याच्या एका मास्तरांशी झालं, लांब, जिथं कानडीचा एक शब्द कुणाला येत नाही. मूलबाळ झालं नाही. मास्तर गेल्यावर घर पुतण्याकडं, बसूकडं गेलं, आणि आता बसू घर विकून मुलांकडं नाशिकला निघाला होता. अक्काची त्यानं सोय केली होती. फलटणच्या पुढं कुठं एक आश्रम आहे, स्वच्छ आहे, डॉक्टर येतो, असं तो म्हणाला. आणि त्या संध्याकाळी अक्का फोनवर म्हणाली, "तंगी, मला तुझ्याकडं यायचंय." एवढंच. आयुष्यात अक्कानं तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळं महेश्वरीला पहिल्यांदा ते मागणं आहे हे कळलंच नाही. ये की, असं ती म्हणाली, सणाला ये म्हणतात तसं. मग फोन ठेवल्यावर तिच्या अंगावर काटा आला.

नवऱ्याला सांगायला तिनं दोन दिवस घेतले. ते केबल पुसत होते. "आणू की," ते म्हणाले, मान वर न करता. "आपली गाडी हाय की. एवढी मोठी गाडी कशाला घेतलीय मग." तिला इतकं हलकं वाटलं की तिनं त्या रात्री त्यांच्या आवडीची शेंगाची चटणी केली. नातीची खोली आवरली. काव्या वर्षातून दोनदा येते, तिच्या बाहुल्या खोक्यात भरल्या, गादीला ऊन दिलं. आणि गादी उलटताना, एकदाच, काही कारण नसताना, तिला थकवा आला होता. अक्काचा रात्रीचा खोकला. अक्काचं पहाटे उठून भांडी वाजवणं. दुसऱ्याच्या हातचं पाणी न घेणं. आता हे सगळं रोज. तिनं तो विचार झटकला, पण तो आला होता, आणि आता पळत्या गाडीत तो तिच्या शेजारी येऊन बसल्यासारखा झाला. पायाखालची थरथर थांबत नव्हती. या आवाजात एक निर्लज्जपणा आहे, असं तिला वाटलं. इतके दिवस गप्प राहून आता बोलायला लागलेल्या माणसाचा.

बसूनं निरोप स्पष्ट दिला होता. रविवारी बाराच्या सुमाराला आश्रमाची गाडी येणार. ती गावोगावची म्हातारी माणसं गोळा करत जाते, कुणासाठी थांबत नाही. तुम्ही नेणार असाल तर त्याच्या आत या, मावशी. मी काकूंना सांगितलंय, तुम्ही आला तर सोलापूर, नाही आला तर आश्रम. काकू म्हणाल्या, तंगी येणार. म्हणून आज पहाटे, उजाडायच्या आधी, ते निघाले होते. एवढ्या लवकर निघाल्यावर न्याहारीच्या वेळेलाच पोचलो असतो. हे तिला सकाळीही कळत होतं. हे तिला कळत होतं, आणि तरी मोडनिंबला गाडी हायवे सोडून डावीकडं वळली तेव्हा तिनं विचारलं ते इतकंच, "काय झालं?"

"चार्ज संपत आलाय. ज्ञानबाकडं जरा लावू. त्याचा चहा पण होतोय."

ज्ञानबा त्यांचा जुना गिऱ्हाईक. तूर, हरभरा घालायचा. आता पोरानं शेतीच्या औजारांचं दुकान टाकलंय. आडते घरी आले म्हणून त्याला काय करू आणि काय नको असं झालं. सोप्यातल्या प्लगातून वायर बाहेर आली, गाडीच्या तोंडात गेली, हिरवा दिवा लुकलुकला आणि अर्धी आळी बघायला जमली.

"म्हशीला पाणी पाजल्यागत दिसतंय की हो," ज्ञानबा म्हणाला.

"पाणी नाही ज्ञानबा, वीज पितीय. अजून पेट्रोलला शिवलेलो नाही आम्ही."

"आन् टाकी?"

"भरलेली हाय."

"मग जावा की तसंच. पावणी वाट बघत आसतील."

"पावणी कुठं पळून जायलीय?" गुरुलिंगप्पा म्हणाले आणि बाजेवर ऐसपैस टेकले.

चहा झाला. पोहे झाले. ज्ञानबाच्या बायकोनं महेश्वरीला आत नेऊन सुनेचं बाळ दाखवलं. नवं दुकान बघून झालं, पेरणीयंत्र बघून झालं. ऊन सोप्याच्या पायरीवरून खाली उतरलं. महेश्वरी एकदा बाहेर आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "अहो, आजच्या दिवस पेट्रोलवर जाऊ या का?" तिनं ते हसतच म्हटलं होतं, चार लोकांत म्हणायचं म्हणून. गुरुलिंगप्पांनी ज्ञानबाकडं पाहून डोळा बारीक केला. "बघा, आमच्या घरातच पंप हाय. हिला तेवढं जाळायला द्या." सगळे हसले. ज्ञानबा हसला, त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि महेश्वरीही हसली. ते हसणं आता तिला आपल्या दातांवर जाणवत होतं, शिळ्या भाताच्या चिकट थरासारखं. ती का हसली? चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून. चाळीस वर्षांची सवय म्हणून. की आत जाऊन परत बाळ मांडीवर घ्यायला तिला बरं वाटत होतं म्हणून?

आता अकलूज आलं. साखर कारखान्याचा गोडसर कुबट वास काचा बंद असूनही आत शिरला. उजव्या हाताला ते हॉटेल गेलं, ज्याच्या मागं, कडुनिंबाखाली, सकाळी दुसऱ्यांदा वायर लावली होती. तिथल्या राखणदाराला गुरुलिंगप्पांनी गाडीची सगळी माहिती सांगितली होती, कुठलं बटण कशाचं, ब्रेक दाबला की वीज कशी परत आत जाते. तो बिचारा हां हां करत होता. महेश्वरी गाडीतच बसून राहिली. समोरच्या पडद्यावर टक्के एकेकानं वाढत होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती. बसूचा फोन आला तो तिथंच. "मावशी, कुठं आलाय? काकूंना अंगणात खुर्चीवर बसवलंय. बोचकं मांडीवर घेऊन बसल्यात, खाली ठेवा म्हटलं तर ठेवत नाहीत." ती म्हणाली, "अकलूजला आलोय रे, आलोच." तिनं काच खाली केली.

"अहो, बारा वाजायला आले."

"झालंच की. आणखी पाच टक्के. कशाला गडबड करायलीस?"

"ती गाडी थांबणार नाही म्हणतोय तो."

"असं म्हणायचं असतंय. गाडी काय, थांबतीय. म्हातारी माणसं चढवायला, उतरवायला वेळ लागत नाही का?"

आणि तिला ते पटलं. खरंच पटलं. टाकीच्या चित्राशेजारी सगळ्या रेघा भरलेल्या होत्या, वरपर्यंत. तिच्या हाताच्या अंतरावर ते बटण होतं ज्यानं इंजिन लागतं, पूजेच्या दिवशी शोरूमच्या पोरीनं तिलासुद्धा दाखवलेलं. बोट पुढं केलं असतं तर पोचलं असतं. पण ते बटण आपलं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिनं पिशवीतला डबा उघडून शेंगापोळ्या मऊ राहिल्यात का ते पाहिलं आणि परत झाकला.

नातेपुत्याच्या त्या घराला कुलूप होतं. अंगणात खुर्ची होती, प्लॅस्टिकची, निळी, एकटीच. शेजारची प्रभा नावाची बाई पोरं शाळेत सोडून आल्यासारखी निवांत कंपाउंडला टेकली होती. "आत्ताच गेली की हो गाडी. अर्धा तास झाला असंल. लई वाट बघितली काकूंनी. बसूदादा पण त्याच गाडीत गेला, सोडून तिकडनंच जातो म्हणाला." मग तिनं महेश्वरीचा चेहरा बघितला आणि आवाज उतरवला. "रडल्या बिडल्या न्हाईत हो. सकाळधरनं आपलं कानडीत काहीतरी बोलत हुत्या, एकट्याच. आमाला कुटं कळतंय. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, तंगीला म्हणावं उन्हाची निघू नको." पाणी देऊ का, असं तिनं विचारलं. गुरुलिंगप्पांनी घेतलं. महेश्वरी खुर्चीजवळ गेली. तिला त्या खुर्चीला हात लावायचा होता आणि लावता आला नाही.

"पुढं जाऊ या," ती म्हणाली. "फलटण काय लांब नाही. तिथून आणू."

"आता कसं आणायचं? नाव घातलं असणार, कागद झाले असणार. म्हातारीला आज इथून उचलायचं, तिथं उतरवायचं, परत उचलायचं. तिच्या जीवाचा तरी विचार कर." ते इतक्या मायेनं बोलले की प्रभानंसुद्धा मान हलवली. "येऊ की सावकाश. चार दिवस रुळू दे. मग विचारू."

टेंभुर्णीचा पूल गेला. गाडी हायवेला लागली आणि इंजिनचा आवाज एकसुरी झाला, कानाला सवय झाली, आणि त्या सवयीतच तिला ते दिसलं. दिसलं म्हणजे एकदम काही उजळलं नाही. एखादी वस्तू इतका वेळ समोरच होती आणि आता तिचं नाव आठवलं, इतकंच. मार्केट यार्डातला गाळा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हे तिला मोठ्या खुशीनं धंदा समजावून सांगत होते. शेतकऱ्याला नाही म्हणायचं नसतंय. तो तूर घेऊन येतो, मनात एक भाव धरून येतो. नाही म्हटलं की शेजारच्या गाळ्यावर जातो. म्हणून त्याला बसवून घ्यायचं. या, बसा, पंखा लाव रे, चहा सांग. पोरीचं लग्न जमलं का, विहिरीला पाणी किती. लिलाव होऊन जातो, ऊन कलतं, गावाकडची शेवटची जीप निघायची वेळ होते, आणि मग तोच उठून म्हणतो, मालक, तुमी म्हणाल तसं. आपण कुठं काय म्हटलं? त्याचं तोच म्हणाला. तेव्हा तिला नवऱ्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. पलंगावर बसून ती ऐकत होती, अंगावर अजून हळदीचा वास होता.

म्हणजे आज कुणी नाही म्हटलंच नाही. अक्काला नाही म्हटलं नाही, बसूला नाही म्हटलं नाही, तिलाही नाही. सगळ्यांना बसवून ठेवलं. अक्काला निळ्या खुर्चीवर, बोचकं मांडीवर देऊन. आणि तिला? तिला तर चहा पाजून, पोहे खायला घालून, बाळ मांडीवर देऊन. पेट्रोलची फुशारकी खरीच होती, ती काही सोंग नव्हतं. पण आज ती किती उपयोगाला आली. नळाच्या पाण्यासाठी जळायला पेट्रोल काही शिळं नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पुन्हा पाहिलं. कानामागं पांढरे केस, मानेवरची सैल कातडी, उजव्या हाताची करंगळी स्टिअरिंगवर आवाजाच्या ठेक्यात हलत होती. या माणसाला आपण काय केलं हे माहीत आहे का? असेल, आणि नसेलही. यार्डातही ते रात्री शांत झोपायचे. म्हणावं तरी काय? तुम्ही मुद्दाम केलं. ते म्हणतील, मी? मीच तर म्हणालो आणू की म्हणून. पहाटे उठून गाडी मीच काढली. आणि ते सगळं खरं होतं.

मोडनिंबचा फाटा आला आणि गेला. गाडी वळली नाही. ज्ञानबाच्या आळीची लिंबाची झाडं लांबून दिसली आणि मागं पडली. मागच्या सीटवरची उशी खाली पडल्याचा मऊ आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.

मोहोळ यायच्या आधी फोन वाजला. अनोळखी नंबर होता. गाडीतल्या पडद्यावरच तो लागला आणि अक्काचा आवाज एकदम चारी दारांतून आला, जवळून, तिच्या दोन्ही कानांत, जणू ती मागं बसली होती. "तंगी, ऊटा आत?" जेवलीस का. पहिला प्रश्न नेहमी हाच. महेश्वरीला पडद्यावरचा तो आवाज फोनमध्ये कसा घ्यायचा ते येत नव्हतं. ती तशीच बोलली, नवऱ्याच्या समोर, इंजिनच्या घरघरीवर आवाज चढवून. हो, जेवले, म्हणाली. तू?

"वरण-भात दिला. बरा होता. इथल्या एका बाईनं तिचा फोन दिलाय, लई वेळ बोलता येत नाही." थोडं थांबून अक्का म्हणाली, "तू निघाली होतीस ना घरातून?"

हा प्रश्न रागाचा नव्हता. त्यात काही टोचणी नव्हती. अक्काला फक्त तेवढंच पाहिजे होतं, एक हो किंवा नाही, ज्याला धरून पुढचे दिवस काढता येतील. रस्त्यावरची पांढरी रेघ गाडीखाली येत होती, येत होती. महेश्वरीनं तोंड उघडलं, आणि खरं काय ते सांगायला तिला किती वाक्यं लागतील हे तिनं मनात धरून पाहिलं. मग त्या वाक्यांनंतर या गाडीत किती वेळ बसायचं आहे तेही. घरी गेल्यावर त्याच स्वयंपाकघरात, त्याच पलंगावर.

"निघाले होते की अक्का," ती म्हणाली. "पहाटेच निघालो होतो. वाटेत गाडी बिघडली."

तिकडून सुस्कारा आला, सुटल्यासारखा. "तेच म्हटलं मी. तंगी निघाली नाही असं होणार नाही. अकलूजचं तू नुसतं म्हणालीस असं बसूला वाटत होतं, त्याला तेच सांगत होते." आणि मग अक्का तिचीच समजूत घालायला लागली. "नव्या गाड्यांचं असंच असतंय. तू जीवाला लावून घेऊ नको. त्यांना बोलू पण नको, ते तरी काय करणार. आणि आता एवढ्या लांब परत येऊ नका बाई, उन्हाचं. मी हितंच बरी. खिडकी हाय खाटेजवळ." मागून कुणाचा तरी आवाज आला, झालं का आज्जी, आणि फोन तुटला. पडद्यावर परत नकाशा आला, निळ्या रेघेवर सरकणारी त्यांची छोटी गाडी.

गुरुलिंगप्पांनी मान डोलावली होती, अक्का बोलत असताना, समजूतदारपणे. पण आता त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला होता. मोहोळचा उड्डाणपूल चढून उतरेपर्यंत त्यांनी दम धरला.

"बिघडली कशाला म्हणालीस?" ते म्हणाले.

तिला कळलं नाही. "काय?"

"पंक्चर झाली म्हणायचं. पंक्चर कुणाच्याही गाडीचं होतंय. बिघडली म्हटलं की गाडीला नाव येतंय. आता तो बसू सगळ्या पाहुण्यांत सांगत सुटेल, ह्यांची नवी गाडी पहिल्याच लांबच्या वाटेला बसली म्हणून. एक दिवस कधी त्रास दिलाय का हिनं?" त्यांनी स्टिअरिंगवरून हलकेच अंगठा फिरवला.

महेश्वरी समोर बघत होती. सोलापूर अजून अर्ध्या तासावर होतं आणि ऊन तिरपं होऊन मागच्या काचेतून मानेवर येत होतं. ते उत्तराची वाट बघत होते. यार्डात बघायचे तशी, अजिबात घाई न करता.

"ध्यानात आलं नाही," ती म्हणाली. तरीही ते काही बोलले नाहीत, तेव्हा म्हणाली, "चुकलं माझं."

"असू दे," गुरुलिंगप्पा म्हणाले, अगदी मनापासून. "होतंय माणसाकडून."